टर्बो हवा देतो, पेट्रोल कोण देणार?

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की हा प्रश्न कानावर पडतोच: "ती फ्युएलची पेटी बसवली तर पॉवर किती वाढेल?" दुकानदार एक गोल आकडा सांगतो, गिऱ्हाईक खूश होतं. हल्लीच हा प्रश्न मला थेट कॅनडातून आला. भाचा कॅल्गरीला असतो. त्यानं तिथं जुनी स्नोमोबिल घेतली आहे. आठशे सीसीचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. आधीच्या मालकानं त्यावर बाहेरचं टर्बो किट चढवलेलं आणि फ्युएल कंट्रोलर, म्हणजे तीच पेटी, मात्र खोक्यातच राहिलेला.

"मामा, रविवारी बसवून टाकतो. चारच तर वायरी आहेत."

"अरे, वायरी चारच असतात. पिस्टन दोनच असतात."

फोन ठेवल्यावर त्याला जे लिहून पाठवलं, तेच इथं जरा सविस्तर मांडतोय. पुण्यात बर्फ पडत नाही हे मलाही ठाऊक आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी स्नोमोबिल पाहिली असेल ती गुलमर्गला, तीही मागच्या सीटवर बसून, फोटोपुरती. पण पुढं दोन स्की, मागं एक पट्टा आणि ते फिरवणारं एक इंजिन एवढाच तो मामला आहे, आणि त्या इंजिनाचं गणित कात्रजच्या घाटात चढणाऱ्या तुमच्या बाइकपेक्षा वेगळं नाही. बर्फामुळं आणि उंचीमुळं ते फक्त जास्त कठोर होतं. सिंहगडावर चूक केलीत तर गाडी बंद पडते. तिकडं चूक केली तर पिस्टनला भोक पडतं आणि घरी चालत यावं लागतं, कमरेएवढ्या बर्फातून.

सगळ्यात आधी एक गैरसमज बाजूला काढू. ही पेटी ताकद देत नाही. ताकद जास्तीच्या हवेतून येते आणि ती हवा टर्बो आणतो. पेटी फक्त त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल पाठवायचा प्रयत्न करते. तेही टाकीपासून इंजेक्टरपर्यंत, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोटीपर्यंत, तेवढं पेट्रोल येत असेल तरच. म्हणून बसवायच्या क्रमात कंट्रोलर शेवटी येतो. लोक तो पहिला विकत घेतात.

डोंगरावर टर्बो कशाला

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथं हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. मुंबईत तो १०१. फरक इतका थोडा की कुणाला जाणवत नाही. रॉकी पर्वतात स्नोमोबिलवाले जिथं फिरतात तिथं अडीच हजार मीटरला हा दाब ७५ वर येतो. म्हणजे तेच इंजिन, तोच थ्रॉटल, पण सिलिंडरमध्ये हवा पाऊण हिस्सा. ताकदही तेवढीच उरते. लेहला बाइक नेलेल्या पुणेकरांना हे सांगायला नको. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे आणि तिथं दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत का होती, याचं उत्तर त्या निम्म्यात आहे.

टर्बो हा यावरचा जुना उपाय. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या वायूंवर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र ताजी हवा दाबून इंजिनात ढकलतं. डोंगरातल्या स्नोमोबिलला हे इतकं सोयीचं आहे की कंपन्यांनीही पुढं ते कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. पोलारिसनं फोर-स्ट्रोक टर्बो स्लेड (स्नोमोबिलचंच दुसरं नाव) २००६ च्या मॉडेलमध्ये आणली. स्की-डूनं ८५० सीसीच्या टू-स्ट्रोकला कारखान्यातूनच टर्बो लावला तो २०२० च्या मॉडेलमध्ये. त्याआधी आणि त्यानंतरही, बाहेरचं किट घेऊन स्वतः बसवणाऱ्यांची तिथं मोठी जमात आहे. बूनडॉकरसारख्या अमेरिकन कंपन्या अशाच लोकांसाठी किट आणि कंट्रोलर बनवत आल्या.

आता भाच्याच्या किटचा आकडा घेऊ: ७ पीएसआय बूस्ट, म्हणजे टर्बोनं वाढवलेला दाब. पीएसआयमधले ७ म्हणजे साधारण ४८ किलोपास्कल. बाहेरच्या ७५ मध्ये हे ४८ मिळवले की १२३ होतात. म्हणजे टर्बो नसताना जो दाब मिळाला असता त्याच्या १.६४ पट. मुंबईच्या किनाऱ्यावर तोच ७ पीएसआय १०१ मध्ये मिळवला तर पट १.४८ च भरते. एकच बूस्ट, पण डोंगरावर इंजिनाच्या दृष्टीनं उडी मोठी. म्हणून "७ पीएसआयला अमुक टक्के पेट्रोल वाढव" असा कुणी सल्ला दिला तर पहिला प्रश्न विचारावा: कुठं?

हवा दाबली की तापते, हेही हिशेबात घ्यावं लागतं. शून्य अंशाची हवा एवढी दाबली तर ती सहज ५०-६० अंशांवर जाते, आणि गरम हवा पातळ असते. इंटरकूलर ती थोडीफार थंड करतो. सगळं मिळून हातात काय पडतं? ढोबळमानानं दीडपट हवा. आता पेट्रोलही दीडपट हवं.

ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, हे कळत कसं नाही?

शुद्ध पेट्रोलच्या एक किलोला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. हे सगळ्यांना पाठ असतं. पण पूर्ण थ्रॉटलवर, विशेषतः टर्बोवर, कुणीही १४.७ वर चालवत नाही. तिथं पेट्रोल मुद्दाम जास्त देतात, ११.५ ते १२ च्या आसपास. ते जास्तीचं पेट्रोल जळत नाही. ते वाफ होताना सिलिंडरमधली उष्णता शोषतं आणि पिस्टन वाचवतं. टर्बोवाल्या इंजिनात पेट्रोल हे थोडंसं कूलंटही असतं.

आता किती हवा आली हे ईसीयू कसं ओळखतो? अनेक बाइक आणि बऱ्याच स्नोमोबिल यांच्यात मुख्य भरवसा दोनच गोष्टींवर असतो: थ्रॉटल किती उघडा आहे आणि इंजिन किती आरपीएमवर आहे. या दोन आकड्यांवरून ईसीयू आपल्या तक्त्यात बघतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. हवेचा दाब आणि तापमान बघून थोडी दुरुस्ती करतो, एवढंच. हे म्हणजे मंगल कार्यालयातल्या आचाऱ्यानं निमंत्रणाच्या यादीवरून स्वयंपाक करण्यासारखं आहे. दोनशे पानं सांगितली, दोनशेंचा भात टाकला. टर्बो हा शंभर बिनबोलावलेले पाहुणे घेऊन येणारा व्याही. तो थेट पंगतीत बसतो. आचाऱ्याला पत्ता नाही.

पंगतीत भात संपला तर फार तर बोलणी खावी लागतात. इंजिनात पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण फटकन तापतं, ठिणगी पडायच्या आधी किंवा नंतर स्वतःच्या मर्जीनं स्फोट होतो, आणि पिस्टनच्या डोक्यावरचं अॅल्युमिनिअम वितळायला लागतं. टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला जाळ होतो, पिस्टनला दम खायला मधला मोकळा फेरा मिळत नाही. त्यामुळं तिथं हे सगळं काही सेकंदांत उरकतं.

आतली हवा दाबाच्या सेन्सरनं मोजणारे ईसीयू या बाबतीत शहाणे असतात. पण त्यांचाही सेन्सर मूळ इंजिनापुरताच असला, तर बाहेरच्या दाबाच्या वर गेलं की काटा एका टोकाला टेकून बसतो. त्याच्या लेखी त्यापुढं जग नाही.

पेटी काय करते

बाजारात तीन-चार तऱ्हा आहेत आणि सगळ्यांना लोक एकाच नावानं हाक मारतात, तिथं घोळ होतो.

भाच्याकडं आहे ती पिगीबॅक. मूळ ईसीयू जागेवर राहतो. इंजेक्टरकडं जाणारी वायर मधे तोडून, किंवा अधिक बरं म्हणजे दोन्हीकडं कंपनीसारखेच कनेक्टर देऊन, ही पेटी मधे बसते. ईसीयू म्हणतो, "साडेपाच मिलिसेकंद उघड." पेटी ते ऐकते, आपल्या दाबाच्या सेन्सरकडं बघते, आपल्या तक्त्यातून आकडा काढते आणि इंजेक्टरला सांगते, "सात उघड." ईसीयूला यातलं काही कळत नाही. पॉवर कमांडर, बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं फ्युएलएक्स यांचं मूळ तत्त्व हेच.

दुसरी तऱ्हा सेन्सरला फसवणारी. पुण्यात टर्बो पेट्रोल आणि डिझेल मोटारींना "ट्यूनिंग बॉक्स" म्हणून जे लावतात, त्यातले बरेच या जातीचे. दाबाच्या सेन्सरचा सिग्नल कमी करून ईसीयूला दाखवायचा, की तो बिचारा बूस्ट वाढवतो. स्वस्त आणि झटपट. मला ही जात आवडत नाही, कारण इंजिन सांभाळणाऱ्या माणसाला खोटं सांगून त्याच्याकडून खऱ्या काळजीची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नसतो.

तिसरी, ईसीयूच्या आतला तक्ताच बदलायचा, म्हणजे रीफ्लॅश. चौथी, ईसीयू काढून पूर्ण स्वतंत्र दुसरा बसवायचा. ही शर्यतवाल्यांची. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजिनांचे इंजेक्टर जास्त व्होल्टेजवर, फार नेमक्या क्षणी चालतात. तिथं साधी पिगीबॅक मधे घालता येत नाही, रीफ्लॅशच लागतो. विकत घेण्याआधी आपलं इंजिन कुठल्या प्रकारचं आहे ते बघून घ्यावं.

वेळ संपते, पेट्रोल संपतं

इथं खरी मेख आहे, आणि दुकानात याबद्दल कुणी बोलत नाही.

स्नोमोबिलचं टू-स्ट्रोक इंजिन ८,००० आरपीएमवर फिरतं. एका फेऱ्याला लागतात ७.५ मिलिसेकंद. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला इंजेक्शन, म्हणजे इंजेक्टरकडं एकूण वेळच ७.५ मिलिसेकंदांचा. समजा मूळ इंजिनात पूर्ण थ्रॉटलवर तो ५.५ मिलिसेकंद उघडा असतो. यातला साधारण १ मिलिसेकंद निव्वळ उघडण्यात जातो, त्यात पेट्रोल जवळजवळ येतच नाही. राहिले ४.५. हवा दीडपट, म्हणून पेट्रोलाचा वेळ दीडपट: ६.७५. त्यात तो उघडण्याचा १ मिळवा, ७.७५. उपलब्ध वेळ ७.५. पुढचा फेरा सुरू झाला तरी आधीचं वाढप संपलेलं नाही. इंजेक्टर बंदच होत नाही, पेटीनं पडद्यावर कितीही टक्के वाढवून दाखवले तरी खाली पेट्रोल तेवढंच.

यात अजून एक भर आहे. इंजेक्टरमधून किती पेट्रोल येईल हे त्याच्या दोन बाजूंच्या दाबांतल्या फरकावर ठरतं. रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पोचवणाऱ्या नळीत, ३ बार, समोर बाहेरच्याइतकाच दाब, तर फरक पुरे ३. आता समोर टर्बोनं ०.४८ बार, म्हणजे तेच ४८ किलोपास्कल, उभा केला. पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला ही बातमी देणारी नळी नसेल तर फरक उरला २.५२. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे पेट्रोल सुमारे ८ टक्क्यांनी घटलं. नेमकं ज्या क्षणी जास्त हवंय त्या क्षणी. वरचा ६.७५ चा आकडा मग ७.४ च्या आसपास जातो आणि एकूण मागणी ८.४ वर. जागा साडेसातची.

म्हणून उपाय पेटीच्या आधीचे आहेत. रेग्युलेटर असा हवा की ज्याला बूस्टची नळी जोडता येते. बूस्ट वाढला की रेलमधला दाबही तेवढाच वाढतो आणि फरक ३ बारवर टिकतो. पंप त्या वाढीव दाबाला लागेल तेवढं पेट्रोल देऊ शकतो का, ते प्रत्यक्ष मोजायचं: नळी भांड्यात सोडून, घड्याळ लावून, इंजिन आणि ठिणगी या दोन्हींपासून दूर, मोकळ्या हवेत. मग इंजेक्टर. एक तर मोठे घ्यायचे, किंवा मूळचे तसेच ठेवून टर्बोच्या वाटेवर एक-दोन जास्तीचे इंजेक्टर बसवायचे आणि पेटीला फक्त तेच चालवू द्यायचे. काही किटांमध्ये हीच पद्धत असते. पूर्ण थ्रॉटलवर इंजेक्टर उपलब्ध वेळेच्या ८०-८५ टक्क्यांपेक्षा जास्त उघडा राहू नये, हा जुना जाणता नियम. साडेसातातले साधारण सव्वासहा.

हे सगळं झाल्यावर पेटीचं खोकं उघडावं.

बसवताना

वायरिंग खरंच सोपं असतं: इंजेक्टरच्या जोड्या, थ्रॉटलच्या सेन्सरची एक वायर, प्लस, अर्थ आणि दाबाच्या सेन्सरची रबरी नळी. बिघाडही यातच होतात.

अर्थ थेट बॅटरीच्या मायनसला किंवा इंजिनाच्या स्वच्छ बोल्टला द्यावा. चेसिसच्या रंगवलेल्या पत्र्याला दिलेला अर्थ दुकानात चालतो, खडखडाटात दगा देतो. स्नोमोबिलमध्ये वेगळीच अडचण असते: डोंगरातल्या बऱ्याच टू-स्ट्रोक स्लेडना बॅटरीच नसते. दोरी ओढायची, मॅग्नेटोची वीज ईसीयू आणि पंपाला जाते, इंजिन चालू. त्या नेमक्या विजेवर आता पेटी, मोठा पंप आणि ऑक्सिजन सेन्सरचा हीटर असे तीन नवे खाणारे आले. व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उघडायला जास्त वेळ घेतो, म्हणजे पुन्हा पेट्रोल कमी. त्यामुळं छोटी बॅटरी घालावी लागू शकते. भाच्याला ही सूचना वजनामुळं आवडलेली नाही.

पेटीच्या वायरी प्लगच्या वायरींना समांतर बांधू नयेत. ठिणगीचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो. जोड पिळून वर टेप गुंडाळायची आपली सवय इथं चालणार नाही. क्रिंप करा, वर आतून गोंद असलेली उष्णतेनं आवळणारी नळी चढवा.

दाबाची नळी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. सेन्सर इंजिनातल्या छिद्रापेक्षा वर असावा आणि नळीला खालच्या बाजूला सलग उतार असावा, कारण आत पाण्याची वाफ आणि तेल साचतं. पुण्यात साचलं तर वाचन आळशी होतं. उणे वीसला ते पाणी गोठतं, सेन्सरला जुनाच दाब दिसत राहतो, आणि बूस्ट आलाय हे पेटीला कळतच नाही. या नळीला ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा (थ्रॉटल सोडल्यावर साचलेली हवा बाहेर सोडणारी झडप) फाटा काढू नये. तिला स्वतःचं छिद्र द्यावं.

इंजिन सुरू करण्याआधी लॅपटॉप जोडून दोन गोष्टी बघायच्या. थ्रॉटल बंद असताना पेटी शून्य आणि पूर्ण उघडल्यावर शंभर दाखवते का. आणि इंजिन बंद असताना दाबाचा आकडा स्थानिक हवेच्या दाबाशी जुळतो का. पुण्यात तो ९५ च्या आसपास, कॅल्गरीत ९० च्या जरा खाली. शून्य दाखवत असेल तर तो सेन्सर बाहेरचा दाब वजा करून फक्त बूस्ट सांगतोय, आणि तक्ता दुसऱ्या जातीच्या सेन्सरसाठी असेल तर सगळे आकडे सरकलेले असतील.

डोळे कुठले लावायचे

जळण बरोबर होतंय की नाही हे कानानं ओळखणारे मेकॅनिक आहेत, आणि मला त्यांचा आदर आहे. पण टर्बोवर कान उशिरा ऐकतो. फोर-स्ट्रोकला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावावा. गाडीत आधीपासून असतो तो नॅरोबँड, तो फक्त "जास्त" की "कमी" एवढंच सांगतो. किती, ते सांगत नाही.

टू-स्ट्रोकमध्ये वाइडबँडही फसवा ठरतो. सिलिंडर धुताना थोडं ताजं मिश्रण न जळता थेट एक्झॉस्टमध्ये निसटतं, त्यातला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि आहे त्यापेक्षा पेट्रोल कमी असल्याचं वाचन येतं. वर मिश्रणातलं तेल सेन्सरवर बसतं. म्हणून तिकडचे जाणते प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टला तापमानाचा वेगळा काटा लावतात, बेवेळचे स्फोट (नॉक) ओळखणारा सेन्सर लावतात, आणि शेवटी प्लग काढून छिद्रातून पिस्टनचं डोकं बघतात. कडांवर स्वच्छ धुतलेला पट्टा दिसला तर पेट्रोल पोचतंय. वर करडे, चमकते अॅल्युमिनिअमचे ठिपके दिसले तर आजची फेरी संपली. दोन्ही सिलिंडर वेगळे बघावेत. एक तृप्त आणि दुसरा उपाशी असं नेहमी होतं.

ट्यूनिंगची दिशा ठरलेली आहे: पेट्रोल जास्त ठेवून सुरू करायचं आणि हळूहळू कमी करत आणायचं, उलट कधीच नाही. बूस्ट वेस्टगेटच्या, म्हणजे बूस्टला मर्यादा घालणाऱ्या झडपेच्या, सगळ्यात नरम स्प्रिंगवर. आधी बिनबूस्टचा भाग नीट करायचा, मग बूस्टच्या पहिल्या पायरीवर थोडा वेळ थ्रॉटल, थांबा, लॉग बघा, प्लग बघा, मग पुढची पायरी. प्लगचं अंतरही कमी करावं लागतं, कारण दाट हवेत ठिणगीला उडी मारायला जास्त जोर लागतो आणि ती पूर्ण थ्रॉटलवरच विझते. लोक मग त्या खोकण्याला पेट्रोल समजून तक्ता बदलत बसतात.

दुसऱ्याचा तक्ता इंटरनेटवरून उतरवून घेतला तर? घ्या, सुरुवातीला चालेल. पण उणे २० अंशांची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा, दाब तोच असला तरी, सुमारे २२ टक्के दाट असते. पुण्यात डिसेंबरातली १० अंशांची पहाट आणि मे महिन्यातली ४० अंशांची दुपार यांतच १० टक्क्यांचा फरक पडतो. ज्या पेटीला हवेच्या तापमानाचा सेन्सर नाही तिच्यात दुपारी केलेलं ट्यूनिंग पहाटे पेट्रोल कमी देणार. म्हणून असं ट्यूनिंग थंडीत करावं, उन्हाळ्यात ते चुकलं तर जास्त पेट्रोलच्या बाजूनं चुकतं, आणि ती चूक परवडते.

पेट्रोलच्या पंपावरचा आकडाही दोन देशांत वेगळा असतो. आपल्याकडं ऑक्टेन म्हणून जो लिहितात तो रिसर्च ऑक्टेन. कॅनडा-अमेरिकेत रिसर्च आणि मोटर अशा दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, आणि ती चार-पाच अंकांनी खाली भरते. कॅल्गरीतलं ९१ म्हणजे आपल्या मोजमापात ९५-९६. किटच्या कागदावर "किमान ९१" लिहिलेलं वाचून कुणी पुण्यात आपल्या टर्बो बाइकमध्ये आपल्या मोजमापातलं ९१ भरलं, तर कागद बरोबर होता आणि इंजिन गेलं असं होईल.

इथेनॉलचंही तसंच. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ नाही, १३.५ च्या आसपास हवा लागते. म्हणजे त्याच हवेला पेट्रोल जास्त ओतावं लागतं, वर काढलेल्या इंजेक्टरच्या हिशेबात आणखी भर. मीटर मात्र सगळं पेट्रोलच्याच मापात दाखवतो. त्यामुळं बघायचा तो लॅम्डा, म्हणजे पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे तो आकडा: ०.८ म्हणजे ०.८, इंधन कुठलंही असो.

आणि पुण्यात?

आपल्या बीएस-६ बाइकवर पिगीबॅक लावली की एक गंमत होते. सावकाश चालवताना ईसीयू आपल्या ऑक्सिजन सेन्सरकडं बघत असतो. पेटीनं पेट्रोल वाढवलं की सेन्सर ओरडतो, ईसीयू तेवढंच कमी करतो, पेटी पुन्हा वाढवते. थोड्या दिवसांनी ईसीयू ती कपात पाठ करून ठेवतो आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालते. म्हणून त्या टापूत पेटीनं हात आखडता घ्यायचा आणि फक्त जास्त थ्रॉटलवर काम करायचं. सेन्सरच काढून टाकणारे जुगाड मिळतात. त्यानं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो आणि पीयूसीच्या रांगेत मग तोंड वेगळंच होतं.

कायद्याचं थोडक्यात: कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडीचं मॉडेल जे पास होतं, ते त्या इंजिनासह आणि त्याच धुरासह. टर्बो चढवलेली बाइक बंद ट्रॅकवर चालवायची हौस असेल तर ठीक. रस्त्यावर अपघात झालाच, तर विमा कंपनीचा माणूस तुमच्या पेटीकडं माझ्यापेक्षा बारकाईनं बघेल.

भाच्याचा शेवटचा प्रश्न मला आवडला. "मामा, डोंगरात पेटीच बंद पडली तर?"

मूळ इंजेक्टर जागेवर असतील आणि जास्तीचे वेगळे असतील, तर उत्तर सोपं आहे: पेटीचे कनेक्टर काढायचे, कंपनीचे एकमेकांत खोचायचे, बूस्ट येणार नाही इतक्याच थ्रॉटलवर खाली यायचं. वायरी तोडून जोडल्या असतील तर तिथं बर्फात हातमोजे काढून पक्कड शोधत बसावं लागेल, म्हणून कनेक्टर. आणि मोठे इंजेक्टर घातले असतील तर ही वाट बंद. मूळ ईसीयू तेवढाच वेळ उघडणार, पण भोक मोठं, त्यामुळं पेट्रोल इतकं ओतलं जाईल की प्लग ओले होऊन इंजिन धड सुरूच राहणार नाही. त्यानं आता जास्तीच्या इंजेक्टरचं किट मागवलंय. रविवारचं काम पुढं गेलं.